गच्चीवरच्या पॅनेलला ‘नॅनो लेप’ लावून वीज वाढते का? सौर घटातील नॅनो-रचनांविषयी धागा

गच्चीवरची_सावली (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदान घेऊन आम्ही गच्चीवर ३ किलोवॅटची पॅनेल बसवली आणि हेस्कॉमच्या वीजबिलात त्याचा फरक चांगला जाणवतो आहे. अलीकडे आमच्या गल्लीत एक प्रतिनिधी येऊन गेला. पॅनेलच्या काचेवर ‘नॅनो लेप’ फवारला की उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी वाढते, असे त्याचे म्हणणे आहे. शेजारच्या गच्चीवर त्याने प्रात्यक्षिकही दाखवले. पॅनेल स्वच्छ धुतली, पुसली, त्यावर लेप फवारला आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा वाढलेला आकडा जमलेल्या सर्वांना दाखवला. शेजाऱ्यांनी लगेच पैसे दिले, मी मात्र थांबलो.

माझे प्रश्न दोन आहेत. हा दावा तत्त्वतः तरी शक्य आहे का? आणि नॅनो-रचनांमुळे सौर घटांची कार्यक्षमता वाढते असे जे वारंवार वाचनात येते, त्यात नेमके काय घडते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, लांब लिहिले तरी चालेल.

मार्कंडेय_काठ

आपण थांबलात हे योग्य केले. मी बेळगावातच पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम काचेचा हिशोब करू, कारण हा लेप काचेवर बसणार आहे आणि काचेपलीकडे त्याचा हात पोहोचत नाही. हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा काही भाग परत फिरतो. काचेचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो हे सांगणारा आकडा) १.५ धरला, तर समोरून सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परावर्तित होतो. काचेच्या मागे घटाला चिकटवणारा पारदर्शक पॉलिमर असतो. त्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळपासच असल्याने तेथे जवळजवळ काहीच परत फिरत नाही. म्हणजे काचेवर अगदी निर्दोष लेप बसवला आणि परावर्तन शून्यावर आणले, तरी दुपारच्या उन्हात आत जाणारा प्रकाश जेमतेम ४ टक्क्यांनी वाढेल. तिरप्या उन्हात परावर्तन वाढते हे खरे आहे. ऊन ६० अंशांनी तिरपे पडत असेल, तर ते सुमारे ९ टक्क्यांपर्यंत जाते. पण सकाळ-संध्याकाळच्या त्या उन्हात मुळात ऊर्जाच कमी असते. दिवसभराचा हिशोब कसाही मांडला, तरी २० टक्के त्यातून निघणार नाहीत.

पुढची गोष्ट अशी की, आजच्या बहुतेक पॅनेलच्या काचेवर परावर्तनरोधक लेप कारखान्यातच लावलेला असतो आणि तो खऱ्या अर्थाने नॅनो-रचना असतो. त्यामागचे गणित सुंदर आहे. हवा आणि काच यांच्यामध्ये असा थर हवा, की ज्याचा अपवर्तनांक या दोघांच्या अपवर्तनांकांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.२२ च्या आसपास असेल. इतका कमी अपवर्तनांक असलेला भरीव, टिकाऊ घन पदार्थ उपलब्ध नाही; मॅग्नेशियम फ्लोराइडसुद्धा १.३८ वर थांबते. म्हणून सिलिकाचा असा थर बनवतात, की ज्यात काही नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) ते काही डझन नॅनोमीटर आकाराची छिद्रे असतात. ही छिद्रे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतकी लहान असतात, की प्रकाशाला छिद्र आणि सिलिका वेगवेगळे जाणवतच नाहीत. त्याला दोघांची सरासरी जाणवते. या थराची जाडी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे १२० नॅनोमीटर ठेवली, की थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारून टाकतात. या थरामुळे २ ते ३ टक्के अधिक प्रकाश आत जातो.

आता आपल्या प्रतिनिधीकडे वळू. ज्या काचेवर हा थर आधीच आहे, तिच्यावर दुसरा थर फवारून मिळवण्यासारखे फार तर एखाद-दुसरा टक्का उरलेला असतो. शिवाय १२० नॅनोमीटरची जाडी गच्चीवर उभे राहून हातातल्या फवाऱ्याने सर्वत्र सारखी राखता येईल, हे मला पटत नाही. तीच जाडी दुप्पट झाली, तर त्या तरंगलांबीपुरता फायदा संपतो आणि कारखान्यात मोजून बसवलेला थर मात्र झाकला जातो.

निपाणी_शिवार

सरांचा हिशोब बरोबर आहे. पण शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरचा आकडा वाढलेला सर्वांनी पाहिला, त्याचे काय, असा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर मूळ लेखातच आहे. प्रतिनिधीने लेप फवारण्यापूर्वी पॅनेल धुतली.

आमच्याकडे निपाणी-चिकोडी पट्ट्यात साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की चिमणीतून उडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख आणि गुऱ्हाळांची काजळी पॅनेलवर बसते. ती धुळीसारखी वाऱ्याने उडून जात नाही. सकाळच्या दवात भिजून तिचा चिकट थर होतो. अशी पॅनेल नुसत्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुतली, तरी इन्व्हर्टरचा आकडा डोळ्यांना दिसेल इतका वर चढतो. प्रतिनिधीने दाखवलेली वाढ धुण्याची होती आणि पैसे लेपाचे घेतले गेले.

गच्चीवरची_सावली

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आमच्याकडे उद्यमबागेतल्या फाउंड्रींची बारीक धूळ वाऱ्याबरोबर येते, ऊस नसला तरी. पण ‘स्वयंस्वच्छ’ लेप असतात म्हणतात, त्यांचा तरी उपयोग होतो का?

निपाणी_शिवार

दोन प्रकार आहेत. एकावर पाणी थेंबाथेंबाने घरंगळते आणि जाताना धूळ घेऊन जाते. दुसऱ्यावर पाणी सपाट पसरते. त्यात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण असतात आणि उन्हातील अतिनील किरणांमुळे ते सेंद्रिय मळ हळूहळू विघटित करतात. दोन्ही प्रकारांना पाणी लागते. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे धूळ आणि काजळी सर्वाधिक असते तेव्हाच, पाऊस फारसा नसतो. आणि जूनपासून पाऊस सुरू झाला, की लेप नसलेली पॅनेलही स्वच्छ होतात. त्यामुळे ज्या महिन्यांत हा लेप हवा, त्या महिन्यांत तो रिकामा बसून असतो.

आणखी एक सांगतो. बोअरच्या पाण्याने धुऊन पॅनेल तशीच उन्हात वाळू दिली, तर क्षारांचा पांढरा थर बसतो. तो काढायला लोक खरखरीत घासणी घेतात आणि त्या घासणीने कारखान्यातला परावर्तनरोधक थर झिजतो. शक्य असेल तर साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, पॅनेल पहाटे थंड असताना धुवावीत आणि पाणी रबरी पट्टीने ओढून टाकावे.

मार्कंडेय_काठ

निपाणीकरांच्या मुद्द्याला एक पुरवणी. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.५ च्या आसपास, म्हणजे काचेपेक्षा बराच जास्त असतो. त्याचा सलग थर नीट मोजून बसवला नाही, तर परावर्तन कमी होण्याऐवजी वाढते. ‘नॅनो’ हा शब्द आकार सांगतो. फायदा होणार की तोटा, हे पदार्थ आणि जाडी यांवर ठरते.

खानापूरची_लेक

सर, मी खानापूर तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यातून लिहिते आहे. विद्युत अभियांत्रिकी शिकून सध्या सौर उभारणीचे काम करते. आमच्याकडे, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य क्वचितच दिसतो आणि जो प्रकाश मिळतो तो ढगांतून विखुरलेला, सगळ्या दिशांनी येणारा असतो. अशा प्रकाशासाठी पतंगाच्या डोळ्यासारखी नॅनो-रचना उपयोगी पडते असे मी वाचले आहे. काळ्या सिलिकॉनविषयीही ऐकले आहे. मग बाजारात मिळणाऱ्या सगळ्या घटांवर ती रचना का दिसत नाही?

मार्कंडेय_काठ

ताई, या प्रश्नात सगळ्या विषयाचे मर्म आहे, म्हणून सावकाश लिहितो.

काचेतून आत गेलेला प्रकाश आता सिलिकॉनपाशी पोहोचला आहे. पॉलिश केलेले सिलिकॉन करडे आणि चकचकीत दिसते, कारण हवेत ठेवले तर ते त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी एक तृतीयांशाहून अधिक परत पाठवते. यावर उद्योगाने दोन उपाय फार पूर्वीच केले. पहिला उपाय म्हणजे सिलिकॉनची चकती, म्हणजे ज्या पातळ कापापासून घट बनतो ती, पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीत बुडवणे. स्फटिकाच्या काही पृष्ठांवर ही झीज फार सावकाश होते, त्यामुळे पृष्ठभागावर आपोआप काही मायक्रोमीटर उंचीचे पिरॅमिड उभे राहतात. एका पिरॅमिडवरून परतलेला प्रकाश शेजारच्या पिरॅमिडवर आदळतो आणि त्याला आत शिरण्याची दुसरी संधी मिळते. दुसरा उपाय म्हणजे त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा थर. आपल्या पॅनेलमधील घट गडद निळे किंवा काळपट दिसतात, तो रंग या थराचा असतो. हे दोन्ही उपाय एकत्र केले, की घटावरून वाया जाणारा प्रकाश फारच थोडा उरतो.

पतंगाच्या डोळ्यावर सुमारे २०० नॅनोमीटर आकाराचे उंचवटे दाटीने असतात. ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असल्यामुळे प्रकाशाला हवा संपून पदार्थ सुरू होतो अशी सीमा सापडत नाही. अपवर्तनांक टोकापासून बुडापर्यंत हळूहळू वाढत जातो आणि परत फिरायला जागाच राहत नाही. एक चतुर्थांश तरंगलांबीचा थर एका रंगासाठी आणि सरळ येणाऱ्या प्रकाशासाठी नेमका असतो. ही चढती रचना मात्र सर्व रंगांसाठी आणि तिरप्या प्रकाशासाठीही चालते. सिलिकॉनवर अशाच बारीक सुया उठवल्या, की ते डोळ्यांना काळेभोर दिसते. तेच काळे सिलिकॉन. ढगाळ प्रकाशात त्याचा उपयोग होईल हा आपला तर्क तत्त्वतः बरोबर आहे.

तरीही ते सगळीकडे का नाही? कारण प्रकाश आत घेणे हे घटाचे अर्धेच काम आहे. प्रकाशकण शोषला गेला, की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्याच्या जागी एक धन पोकळी उरते. या दोघांना वेगवेगळ्या टोकांपर्यंत सुखरूप पोहोचवले, तरच बाहेरच्या तारेत वीज वाहते. सिलिकॉनच्या आतल्या प्रत्येक अणूला चार शेजारी असतात, पण पृष्ठभागावरच्या अणूंचे काही बंध मोकळे लटकत राहतात. या लटकत्या बंधांवर इलेक्ट्रॉन आणि पोकळी पुन्हा एकत्र येतात आणि त्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. धरणाचे दार कितीही उघडले, तरी पाट फुटका असेल तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तसा हा प्रकार आहे. नॅनो-सुया उठवल्या, की पृष्ठभागाचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते आणि त्याबरोबर लटकते बंधही वाढतात. सुरुवातीच्या काळ्या सिलिकॉनचे घट प्रकाश भरपूर शोषत, पण वीज कमी देत, विशेषतः पृष्ठभागालगत शोषल्या जाणाऱ्या निळ्या प्रकाशातून.

म्हणून माझे मत असे आहे की, सिलिकॉन घटांच्या अलीकडच्या प्रगतीचे श्रेय प्रकाश पकडणाऱ्या नॅनो-रचनांपेक्षा पृष्ठभाग शांत करणाऱ्या, म्हणजे लटकत्या बंधांवरची हानी रोखणाऱ्या, नॅनो-थरांना जास्त जाते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने काळ्या सिलिकॉनचा १८.२ टक्के कार्यक्षमतेचा घट बनवला. २०१५ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील हेले साविन यांच्या गटाने २२.१ टक्के गाठले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. सर्व विद्युत जोडण्या घटाच्या पाठीमागे नेल्या आणि सुयांच्या प्रत्येक खाचेत ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर बसवला. हा थर बसवताना दोन वायू आळीपाळीने सोडतात आणि प्रत्येक आवर्तनात सुमारे ०.१ नॅनोमीटर जाडी वाढते, म्हणून कितीही खोल खाच असली तरी थर सारखाच बसतो. तो लटकते बंध बुजवतो आणि शिवाय त्याच्यात स्थिर ऋण भार असल्यामुळे इलेक्ट्रॉनांना पृष्ठभागापासून दूर ढकलतो.

खानापूरची_लेक

म्हणजे सिलिकॉन नायट्राइडचा निळा थरही केवळ परावर्तनासाठी नसावा?

मार्कंडेय_काठ

अगदी बरोबर. तो थर बसवताना त्यात बराच हायड्रोजन अडकलेला असतो. पुढे घट भट्टीतून जाताना हा हायड्रोजन सिलिकॉनमध्ये झिरपतो आणि लटकत्या बंधांना जोडला जातो. एकाच थराने दोन्ही कामे होतात आणि तोही स्वस्तात, म्हणूनच इतकी वर्षे त्याची जागा कोणी घेऊ शकले नाही.

आणि आपल्या खानापूरच्या पावसाविषयी स्पष्टच सांगायचे, तर विखुरलेल्या प्रकाशात नॅनो-सुयांमुळे काही टक्के वाढ झाली, तरी ती वाढ मुळातच कमी असलेल्या उत्पादनावरची असेल. सूर्य बहुतेक वेळ क्षितिजालगत असणाऱ्या उत्तरेकडील देशांना तिचे जे मोल आहे, ते १६ अक्षांशावरच्या बेळगावला नाही. तुमच्याकडे पॅनेलच्या कडेला साचणारे शेवाळ काढणे अधिक लाभाचे ठरेल.

खानापूरची_लेक

शेवाळाचे खरेच आहे. पॅनेलचा उतार फार कमी ठेवला, की खालच्या चौकटीपाशी पाणी तुंबते आणि तेथूनच ते धरते. आम्ही आता गरजेपेक्षा थोडा जास्त उतार देतो.

अथणी_माळरान

आमच्याकडे नेमके उलटे आहे. अथणीत पाऊस थोडा आणि उन्हाळा कडक. शेतातल्या पंपासाठी पॅनेल घ्यायची आहेत. विक्रेते ‘मोनो पर्क’, ‘टॉपकॉन’ आणि ‘एचजेटी’ अशी नावे सांगतात आणि प्रत्येक जण आपल्या मालाला नॅनो तंत्रज्ञान म्हणतो. यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक काय, तो साध्या शब्दांत सांगावा.

मार्कंडेय_काठ

अण्णा, येथे मात्र विक्रेते खोटे बोलत नाहीत. या तिन्ही प्रकारांत काही नॅनोमीटर जाडीचे थर आहेत आणि फरक त्या थरांच्या जागेत आहे.

पर्क प्रकारात घटाच्या पाठीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर असतो. पाठीचा पृष्ठभाग त्यामुळे शांत होतो, पण वीज बाहेर काढण्यासाठी त्या थराला बारीक छेद द्यावे लागतात आणि जेथे धातू सरळ सिलिकॉनला टेकतो तेथे इलेक्ट्रॉनांची हानी होतेच. टॉपकॉनमध्ये ही अडचण फार हुशारीने सोडवली आहे. सिलिकॉन आणि धातू यांच्यामध्ये सुमारे १.५ नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन ऑक्साइडचा थर आणि त्यावर अशुद्धी मिसळलेले (डोप केलेले) बहुस्फटिकी सिलिकॉन, म्हणजे पॉलिसिलिकॉन, ठेवतात. ऑक्साइड हा विद्युतरोधक. पण थर इतका पातळ असला, की पुंजभौतिकीच्या नियमानुसार इलेक्ट्रॉन त्यातून आरपार निघून जातात, याला आपण बोगदा परिणाम म्हणतो. जाडी २ नॅनोमीटरच्या पुढे गेली, की हा मार्ग बंद होऊ लागतो. फारच कमी झाली, तर पृष्ठभाग उघडा पडतो. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने ही रचना २०१३ मध्ये मांडली आणि आज ती कारखान्यांतून सर्रास बनते. एवढ्या मोठ्या चकतीवर चार-पाच अणूंच्या जाडीचा थर सारखा राखला जातो, याचे मला अजूनही नवल वाटते. एचजेटीमध्ये स्फटिकी सिलिकॉनच्या दोन्ही बाजूंना अस्फटिकी सिलिकॉनचे काही नॅनोमीटरचे थर असतात. हा मार्ग जपानच्या सान्यो कंपनीने १९९० च्या दशकात बाजारात आणला.

आता तुमच्या उन्हाळ्याचा संबंध. पृष्ठभाग जितका शांत, तितका घटाचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त. आणि व्होल्टेज जास्त असलेला घट तापल्यावर कमी घसरतो. पर्कमध्ये २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के शक्ती कमी होते, टॉपकॉनमध्ये ०.३० आणि एचजेटीमध्ये ०.२५ च्या आसपास. अथणीच्या एप्रिलमध्ये घटाचे तापमान ६० अंशांवर गेले, तर पर्क सुमारे १२ टक्के गमावेल, टॉपकॉन साडेदहा आणि एचजेटी पावणेनऊ. हा फरक काचेवरच्या कोणत्याही फवाऱ्यापेक्षा मोठा आहे. नेमका आकडा प्रत्येक पॅनेलच्या माहितीपत्रकात तापमान गुणांक म्हणून छापलेला असतो. तो मागून घ्या. पंपासाठी एचजेटीचा जादा दर वसूल होईल असे मला वाटत नाही. टॉपकॉन रास्त दरात मिळत असेल तर तेच घ्यावे. जागेची अडचण नसेल, तर पर्कचे एक पॅनेल जास्त बसवणे हाही व्यवहार्य मार्ग आहे. फक्त त्या जादा पॅनेलने पंपाच्या कंट्रोलरची व्होल्टेजची मर्यादा ओलांडली जात नाही ना, ते पाहावे.

अथणी_माळरान

समजले. पॅनेलखाली वारा खेळता ठेवला तर?

मार्कंडेय_काठ

जरूर ठेवा. तापमान पाच-सात अंशांनी उतरले, तर दोन टक्के पदरात पडतात आणि त्याला खर्च काही नाही.

विद्यार्थी_भौतिकी

मी बेळगावातच एम.एस्सी. करतो आहे. सरांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही, म्हणून लिहितो. प्रकाश पकडण्याचा प्रश्न सुटलेला आहे असा सूर वर दिसतो. पण चकत्या पातळ होत चालल्या आहेत. सिलिकॉन हा अप्रत्यक्ष पट्टीअंतराचा पदार्थ (ज्यात इलेक्ट्रॉन सुटा व्हायला प्रकाशकणाबरोबर अणूंच्या कंपनाचीही साथ लागते) असल्यामुळे १००० नॅनोमीटरच्या पुढचा अवरक्त प्रकाश तो फार सावकाश शोषतो. चकती पातळ झाली, की हा प्रकाश न शोषताच बाहेर पडतो. भौतिकशास्त्रज्ञ याब्लोनोविच यांनी १९८२ मध्ये दाखवले होते की, पृष्ठभाग पूर्णपणे विखुरणारा केला, तर प्रकाशाचा आतला प्रवास अपवर्तनांकाच्या वर्गाच्या चौपटीने, म्हणजे सिलिकॉनसाठी सुमारे ५० पटीने लांबवता येतो. तरंगलांबीएवढ्या नियमित रचना काही तरंगलांब्यांना ही मर्यादाही ओलांडतात. २०१३ मध्ये स्वीडनमधील लुंडच्या संशोधकांनी इंडियम फॉस्फाइडच्या नॅनोतारांचा १३.८ टक्क्यांचा घट बनवला, त्यात तारांनी पृष्ठभागाचा फक्त १२ टक्के भाग व्यापला होता. म्हणजे फार थोड्या पदार्थात बहुतेक सारा प्रकाश पकडता येतो. याला मर्यादित महत्त्व कसे म्हणावे?

मार्कंडेय_काठ

आक्षेप मान्य करण्यासारखा आहे. पातळ चकत्यांच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे आणि तेथे घटाच्या पाठीमागच्या बाजूला नॅनो-रचना करणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण अवरक्त प्रकाशच तेथवर पोहोचतो. परंतु नॅनोतारांचे उदाहरण माझ्या मुद्द्याला बळकटीही देते. तारेचे क्षेत्रफळ तिच्या आकारमानाच्या मानाने प्रचंड असते. इंडियम फॉस्फाइडचा पृष्ठभाग स्वभावतःच बराच शांत आहे, म्हणून त्यांना ते साधले. गॅलियम आर्सेनाइडच्या उघड्या तारा घेतल्या, तर त्याच रचनेत पुनर्संयोगाने, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पोकळी पुन्हा एकत्र आल्याने, बहुतेक कमाई खाल्ली जाते.

चांदीच्या नॅनोकणांचीही अशीच कथा आहे. प्रकाशाने धातूतील इलेक्ट्रॉन एकत्र झुलू लागतात आणि प्रकाश आजूबाजूच्या पदार्थात विखुरला जातो, ही कल्पना २०१० च्या सुमारास फार गाजली. पण धातू स्वतःही प्रकाश शोषतो आणि त्याची उष्णता करतो. चांगल्या पिरॅमिडच्या घटावर कण ठेवून जे मिळते, त्यापेक्षा जास्त अनेकदा जाते. मला त्या मार्गाकडून सिलिकॉनसाठी फारशी आशा नाही.

विद्यार्थी_भौतिकी

आणि पुंजबिंदू, म्हणजे अर्धवाहकांचे काही नॅनोमीटरचे कण? २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना त्यासाठीच मिळाले.

मार्कंडेय_काठ

पुंजबिंदूंचा आकार बदलला, की तोच पदार्थ वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषतो, आणि हा गुण सौर घटासाठी मोहक आहे. पण प्रत्येक बिंदू म्हणजे चहूबाजूंनी पृष्ठभागच. एका बिंदूतून दुसऱ्यात उड्या मारत निघालेला इलेक्ट्रॉन वाटेत कोठेही हरवू शकतो. टीव्हीसारख्या पडद्यांत पुंजबिंदू यशस्वी झाले. तेथे त्यांना प्रकाश घेऊन प्रकाशच द्यायचा असतो, भार वाहून न्यायचा नसतो.

नॅनो-रचनेशिवाय जे शक्यच झाले नसते असे उदाहरण हवे असेल, तर १९९१ मधला ओरेगन आणि ग्रेट्झेल यांचा रंजकाधारित घट घ्यावा. सपाट पृष्ठभागावर रंजकाचा एकच रेणूथर बसतो आणि तो नगण्य प्रकाश शोषतो. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांची सच्छिद्र जाळी केली, त्यामुळे रंजकाला बसायला शेकडो पट जागा मिळाली आणि कार्यक्षमता एकदम ७ टक्क्यांच्या पुढे गेली. तेथे मोठा पृष्ठभाग हाच हेतू होता. याच घराण्यातून पुढे पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकरचनेच्या पदार्थांचे घट आले. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटाचा पहिला घट ३.८ टक्क्यांचा होता आणि आज प्रयोगशाळेतील लहान घट २६ टक्क्यांच्या वर आहेत.

सिलिकॉनच्या एकेरी घटाची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्क्यांच्या जवळपास आहे आणि सर्वोत्तम घट २७ च्या आसपास पोहोचले आहेत. म्हणून आता सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा दुसरा मजला चढवण्याची धडपड सुरू आहे. निळा-हिरवा प्रकाश वरचा मजला घेतो, लाल आणि अवरक्त खालचा. २०२१ मध्ये बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने अशा जोडघटात २९.८ टक्के गाठले, आणि त्यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावर मोठ्या पिरॅमिडांऐवजी सौम्य नॅनो-लहरी केल्या होत्या. गंमत अशी की, त्या लहरींचा एक मोठा लाभ प्रकाशाशी संबंधित नव्हता. त्यांच्यावर पेरोव्हस्काइटचा द्रव अधिक सलग पसरला आणि सदोष घट कमी निघाले. २०२३ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीने जोडघटात ३३.९ टक्के नोंदवले. ओलावा, उष्णता आणि शिसे हे पेरोव्हस्काइटचे प्रश्न मात्र शिल्लक आहेत. कणकुंबीच्या पावसात २५ वर्षे टिकणारे जोडपॅनेल दिसेपर्यंत मी ते घरावर चढवणार नाही.

विद्यार्थी_भौतिकी

पटले. अवरक्त प्रकाशासाठी पाठीमागच्या रचनांवर वेगळा धागा काढतो.

गच्चीवरची_सावली

सर्वांचे आभार. लेपाची कल्पना मी सोडल्यात जमा आहे. तरीही शेजाऱ्यांच्या पॅनेलवर लेप बसलेला आहे, तर त्याचा खरा परिणाम मोजता येईल का? दोघांची पॅनेल एकाच कंपनीची आणि एकाच वॅटची आहेत. इन्व्हर्टरच्या दिवसभराच्या आकड्यांची तुलना पुरेल का?

खानापूरची_लेक

काका, ती तुलना फसवी ठरेल. सावली, उतार, दिशा, तारेची लांबी यांतला किरकोळ फरकही दोन-तीन टक्के खातो. एकाच गच्चीवर निम्म्या पॅनेलवर लेप आणि निम्मी तशीच असे केले तरी उपयोग नाही, कारण साध्या इन्व्हर्टरवर पॅनेल एकसरीत जोडलेली असतात आणि सर्वांत कमी प्रवाह देणारे पॅनेल सगळ्यांना मागे खेचते.

दोन्ही घरांतले एकेक पॅनेल सारखे धुऊन, शेजारी-शेजारी एकाच उतारावर ठेवून, निरभ्र दुपारी दोघांचा लघुपथ प्रवाह, म्हणजे पॅनेलची दोन टोके सरळ जोडली असता वाहणारा प्रवाह, मोजावा. हा प्रवाह आत जाणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असतो आणि तापमानाने फारसा बदलत नाही. पुन्हा दोन्ही पॅनेलच्या जागा बदलून मोजावे. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. हे काम स्वतः करू नये. इन्व्हर्टर आणि डीसी स्विच बंद न करता जोडण्या ओढल्या, तर ठिणगी पेटून भाजते, म्हणून माहितगार वायरमनलाच बोलवावे. साध्या मीटरची चूक दोन टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक आला तर त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. २० टक्क्यांचा असेल तर मात्र लगेच दिसेल.

निपाणी_शिवार

आणि शेजाऱ्यांना पॅनेलचे वॉरंटीपत्र वाचायला सांगा. काचेवर बाहेरचा लेप लावला तर वॉरंटी रद्द होईल, असे कलम काही कंपन्यांच्या पत्रात असते. तसे कलम असेल, तर लेप बसवणाऱ्याकडून त्याची जबाबदारी लेखी घ्यावी लागेल.